रुग्णालयाचे बिल, विम्याचा हिशेब : एका चाचणी-प्रकल्पाच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

पुण्यातील एका अडीचशे खाटांच्या रुग्णालयाच्या बिलिंग आणि विमा-दावे या दोन विभागांसाठी नवे सॉफ्टवेअर तयार होत असून त्याच्या चाचणीचे काम आजपासून माझ्याकडे आले आहे. जुनी प्रणाली बदलण्याचे कारण केवळ तिचे वय नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे रोजी काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेस उपचारांच्या पूर्वमंजुरीचा निर्णय विमा कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे, आणि त्यासाठीची व्यवस्था ३१ जुलैपर्यंत उभी करायची आहे. बंधन विमा कंपनीवर आहे, रुग्णालयावर नाही. तरीही उशीर कोणाकडून झाला हे दाखवायचे असेल तर रुग्णालयाजवळ मिनिटामिनिटाची नोंद असावी लागते, आणि जुन्या प्रणालीत ती राहत नाही.

या कामासाठी माझी निवड का झाली, हे प्रकल्प प्रमुखांनी पहिल्याच बैठकीत सांगितले : मी बँकांच्या सॉफ्टवेअरमधून आले आहे. बचत खात्यावरचे व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर मोजावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला, तेव्हा तो बदल तपासणाऱ्या गटात मी सर्वांत कनिष्ठ होते. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिलक धरली जात असे. पुढे २०१४-१५ मध्ये अमेरिकी विमा-दाव्यांच्या प्रकल्पात गेले. तिथे आजारांची जुनी संकेतावली जाऊन नवी यायची होती. ती तारीख दोनदा पुढे ढकलली गेली आणि अखेर १ ऑक्टोबर २०१५ ही ठरली. सप्टेंबरच्या शेवटी दाखल होऊन ऑक्टोबरमध्ये घरी जाणाऱ्या रुग्णाला जुना संकेत लावायचा की नवा, या एका प्रश्नावर आमचे कित्येक आठवडे गेले. उत्तर असे होते की आंतररुग्णासाठी डिस्चार्जची तारीख धरायची. बँकेत शिकलेली एक सवय मला तिथे उपयोगी पडली, ती म्हणजे कोणताही नियम तपासताना आधी त्याची तारीख विचारणे. तीच सवय घेऊन इथे बसले आहे.

१४ जून, शुक्रवार

खोलीभाड्यावरील जीएसटी तपासला. दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा अधिक भाड्याच्या खोलीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे, अतिदक्षता विभाग त्यातून वगळलेला आहे. नेमक्या ५,००० रुपयांवर कर लागता कामा नये, ५,००१ वर तो संपूर्ण रकमेवर लागला पाहिजे. दोन्ही बरोबर निघाले. मात्र रुग्ण सकाळी खासगी खोलीत आणि दुपारनंतर आयसीयूत असेल, तर त्या दिवसाचे दोन्ही आकार लागून त्यांच्या बेरजेवर कर बसत होता. बग नोंदवला.

२० जून, गुरुवार

आज दिवसभर एका पैशाच्या मागे होते. औषधविक्रीत दहा गोळ्यांची पट्टी ३४.७५ रुपयांना आहे असे धरू. सात गोळ्या दिल्या तर हिशेब २४.३२५ येतो. नेहमीच्या पद्धतीने तो २४.३३ होतो, पण अनेक प्रोग्रामिंग भाषांत मूळची सोय अशी असते की नेमका अर्धा उरला तर जवळच्या सम अंकाकडे जायचे, आणि मग तोच आकडा २४.३२ होतो. त्यातच संगणकाच्या द्विमान पद्धतीत अशा संख्या बहुधा नेमक्या मांडता येत नाहीत, त्या किंचित कमी किंवा किंचित जास्त साठवल्या जातात. त्यामुळे पैशांची रक्कम दशमान प्रकारातच ठेवावी, हे बँकेच्या प्रकल्पात आम्हाला पहिल्या आठवड्यात बजावले जाई. इथे औषधविक्रीच्या भागात तसे केलेले नव्हते, आणि तो आता बदलायला दिला आहे.

तो बदलल्यानंतरही एक पेच उरतो. पूर्ण पट्टी देऊन तीन गोळ्या परत घेतल्या तर ३४.७५ मधून १०.४३ वजा होऊन २४.३२ राहतात, आणि थेट सात गोळ्या विकल्या तर २४.३३ होतात. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. बिलिंग काउंटरवरच्या ताईंना हे दाखवले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मॅडम, शेवटी बिल पूर्ण रुपयात निघतं, पैसे कोण बघतो?" रुग्णाच्या दृष्टीने त्यांचे खरे आहे. पण औषधसाठ्याच्या खातेवहीत हाच पैसा रोज शेकडो परतीच्या नोंदींतून साचतो आणि महिनाअखेरीस लेखापाल त्याचे कारण शोधत बसतात. परतीची रक्कम मूळ विक्रीच्या रकमेतून काढावी, गोळीच्या दरातून नव्हे, असे लेखा विभागाकडून लेखी घेतले.

२८ जून, शुक्रवार

या प्रकल्पातील सर्वांत मोठी चूक आज सापडली, आणि ती दोन आठवडे माझ्या डोळ्यांसमोरून जात होती हे इथे लिहून ठेवते.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि रुग्णाने तिच्याहून महाग खोली घेतली, तर विमा कंपनी केवळ भाड्यातला फरक कापत नाही. खोलीच्या श्रेणीप्रमाणे ज्यांचे दर वाढतात असे डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा वगैरे खर्चही ती त्याच प्रमाणात कापते. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. ही कपात कशावर लावायची नाही, हे नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केले : औषधे व वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायची उपकरणे आणि निदान चाचण्या. आयसीयूच्या आकारावरही ती लावता येत नाही, आणि खोलीप्रमाणे दर न बदलणाऱ्या रुग्णालयाला तर ती लागूच नाही. कारण सरळ आहे : गुडघ्याचा सांधा जनरल वॉर्डात आणि खासगी खोलीत एकाच किमतीचा असतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रुग्णाच्या नातेवाइकांना आगाऊ अंदाज देणारा एक तक्ता आहे. त्यासाठी मी तयार केलेले उदाहरण असे होते : मर्यादा ४,००० रुपये, घेतलेली खोली ६,००० रुपयांची, मुक्काम पाच दिवस. खोलीभाडे ३०,०००, डॉक्टर व शस्त्रक्रियागृह ९०,०००, औषधे २८,०००, चाचण्या १४,०००, बसवलेले उपकरण ४५,०००. कर आणि देय नसलेल्या वस्तू बाजूला ठेवल्या, तर एकूण २,०७,०००. तक्ता सांगत होता : विमा कंपनी १,३८,०००, रुग्ण ६९,०००. दोन्हींची बेरीज बरोबर २,०७,००० होते, म्हणून माझी स्वयंचलित चाचणी रोज रात्री हिरवी होत होती.

आज टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) डेस्कवर बसून एका जुन्या दाव्याचे मंजुरीपत्र ओळीओळीने वाचले तेव्हा लक्षात आले की आमचा तक्ता सगळ्याच रकमेचे दोन-तृतीयांश करत होता. खरा हिशेब असा : भाड्याचे २०,०००, डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाचे ६०,०००, आणि उरलेले ८७,००० पूर्णच्या पूर्ण; म्हणजे विमा कंपनी १,६७,००० आणि रुग्ण ४०,०००. रुग्णाच्या माथी २९,००० रुपये जास्तीचे दाखवले जात होते आणि ताळा मात्र पैशापैशाने जुळत होता.

बँकेत मी असे शिकले होते की जमा आणि नावे जुळले की झोपायला जावे. तिथे ते बहुतांशी चालते, कारण चुकीच्या खात्यात पडलेली रक्कम शोधत कोणीतरी येतोच. इथे दोन बाजूंपैकी एक बाजू म्हणजे डिस्चार्जसाठी ताटकळलेला माणूस असतो, आणि त्याला आपला वाटा किती हवा होता हे ठाऊकच नसते. तो छापलेला आकडा खरा मानतो, भावाला फोन लावतो, पैसे उभे करतो. पुढे मंजुरीपत्र आल्यावर फरक परत मिळेलही, पण तोपर्यंत त्याने ते कोणाकडून तरी घेतलेले असतील.

चाचणी आता बेरजेवर ठेवलेली नाही. प्रत्येक खर्चाच्या शीर्षापुढे 'कपात लागू' किंवा 'लागू नाही' असा ठसा असेल आणि अपेक्षित वाटा मी हाताने काढून कागदावर लिहीन, मग यंत्राला विचारीन. अशी चाळीस उदाहरणे करायची आहेत. त्यासाठी खर्चाची ३१२ शीर्षे तपासावी लागली आणि त्यांतली एकोणीस अशी निघाली की ती औषधांत जातात की शस्त्रक्रियागृहात, हे रुग्णालयालाच नक्की सांगता आले नाही.

१ जुलै, सोमवार

पालख्या कालच शहरात आल्या आहेत, रस्ते बंद असल्यामुळे निम्मा गट घरून काम करत आहे. या शांततेत चाचणीची माहिती शुद्ध करण्याचे काम उरकले. खऱ्या रुग्णांच्या नोंदींची जशीच्या तशी प्रत चाचणीसाठी वापरायची नाही, यावर मी पहिल्या दिवसापासून अडून बसले होते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा गेल्या ऑगस्टमध्ये झाला हे एक कारण आहेच. दुसरे कारण असे की मागच्या एका नोकरीत चाचणीच्या संगणकावरून खऱ्या मोबाइल क्रमांकांवर संदेश गेलेले मी पाहिले आहेत. नावे, क्रमांक, पत्ते बदलले. वय आणि तारखांमधली अंतरे मात्र तशीच ठेवली, कारण बग तिथेच लपतात. नाव ठेवण्याआधीच्या जुळ्या बाळांच्या नोंदी मुद्दाम हाताने तयार केल्या : आईचे नाव एक, जन्मतारीख एक, वजनाचा फरक थोडा, आणि प्रणालीने त्यांना एकच बाळ समजता कामा नये.

८ जुलै, सोमवार

तीन तासांचे घड्याळ. रुग्णालयाने अंतिम मंजुरीची विनंती पाठवल्यापासून ते सुरू होते आणि उत्तर आल्यावर थांबते. तीन तासांपलीकडच्या विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो विमा कंपनीने सोसायचा आहे, त्यामुळे हे घड्याळ पुढे-मागे वादात पुरावा म्हणून मांडले जाणार. रात्री १०.४० ला गेलेली विनंती आणि १.१५ ला आलेले उत्तर यांत दोन तास पस्तीस मिनिटे आहेत. पडद्यावर उणे एकवीस तास पंचवीस मिनिटे दिसले. तारीख न धरता नुसत्या वेळेची वजाबाकी केली होती. दुसरी गोष्ट, एका सर्व्हरची वेळ भारतीय होती आणि दुसऱ्याची साडेपाच तास मागे.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरमधली नाही. वॉर्डातून फाइल बिलिंगला पोहोचायलाच कधी कधी दोन तास लागतात, आणि तोवर घड्याळ सुरूच झालेले नसते. डॉक्टरांनी 'उद्या सोडू' म्हटल्याची वेळ आम्ही नोंदवावी का, असे मी विचारले. प्रमुख म्हणाले, "ते आपल्या कामात नाही." त्यांचे म्हणणे नियमाप्रमाणे बरोबर आहे. तरीही मी तो रकाना सुचवणीच्या यादीत टाकला आहे.

१२ जुलै, शुक्रवार

रोख रकमेची मर्यादा. आयकर कायद्याच्या २६९एसटी कलमाप्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारात, किंवा एकाच प्रसंगाशी निगडित व्यवहारांत मिळून २ लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारता येत नाही. स्वीकारल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत एप्रिल-मे २०२१ साठी रुग्णालयांना यातून सवलत दिली होती आणि जुन्या प्रणालीत ती सवलत अजून चालूच होती. बंद करायला कोणी आठवण केली नाही. नवी प्रणाली फक्त एका दिवसाची बेरीज पाहत होती. पहिल्या दिवशी १,२०,०००, तिसऱ्या दिवशी ५०,००० आणि पाचव्या दिवशी ४०,००० भरले तर ती मुकाट पावती देत होती. आता एका दाखल-क्रमांकाखालची सगळी रोकड मोजली जाते.

१६ जुलै, मंगळवार

डिस्चार्जचे प्रकार तपासत होते : बरे होऊन, सल्ल्याविरुद्ध, दुसऱ्या रुग्णालयात, मृत्यू. 'मृत्यू' निवडला, तरी 'पुढील तपासणीची तारीख' हा रकाना सक्तीचाच राहिला. तो भरल्याशिवाय बिल बंद होत नाही आणि बिल बंद झाल्याशिवाय मृतदेह ताब्यात देण्याचा कागद छापला जात नाही.

जुन्या प्रणालीत काय करत होता, असे मी मेट्रनबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "कुठलीही पुढची तारीख टाकायची, म्हणजे कागद निघतो." मी चाचणी-रुग्णाला दोन दिवसांनंतरची तारीख टाकली आणि ठेवून दिले. संदेश पाठवणारा भाग सायंकाळी पाहिला, तर त्याच्या रांगेत वाक्य तयार होते : आपली तपासणी ठरलेली आहे, येताना जुने कागद आणावेत. असे संदेश जुन्या प्रणालीतून घरोघरी गेले होते का, हा माझा प्रश्न मेट्रनबाईंनी ऐकला आणि त्या फाइलची पाने चाळत राहिल्या. मी पुन्हा विचारले नाही.

डेव्हलपरने तासाभरात दुरुस्ती पाठवली : रकाना सर्वांसाठीच ऐच्छिक. ती मी परत केली, कारण मग जिवंत रुग्णांच्या डिस्चार्ज-समरीतही तो कोरा राहील. बँकेत खातेदाराच्या मृत्यूची नोंद झाली की त्या क्षणापासून खाते वेगळ्या वाटेने जाते. व्यवहार थांबतात, वारसाचे कागद पुढे येतात. इथे मृत्यू हा उतरत्या यादीतला चौथा पर्याय होता, इतकेच. त्यामुळे आम्ही बाहेर जाणाऱ्या सगळ्या वाटा मोजल्या : तपासणीचा संदेश, औषधांची आठवण, आहाराचे पत्रक, अभिप्रायाची विचारणा, वार्षिक आरोग्यतपासणीची सवलत आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. मृत्यूची नोंद होताच या सहाही वाटा बंद झाल्या पाहिजेत. रुग्ण उपचारांदरम्यान दगावला तर विमा कंपनीने दावा तत्काळ हाताळावा आणि मृतदेह लगेच सोपवला जावा, असे मे महिन्याच्या परिपत्रकातही म्हटले आहे; म्हणून ताब्याचा कागद आता बिलाच्या आधी छापता येतो. या बगला मी सर्वोच्च तीव्रता दिली. एका पैशाचाही हिशेब चुकला नव्हता, म्हणून बैठकीत थोडी कुरबुर झाली, पण ती तीव्रता तशीच राहिली.

२० जुलै, शनिवार

एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीमुळे काल जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. आमचे संगणक त्यात नव्हते. तरीही प्रमुखांनी आज कागदी पावतीपुस्तके किती शिल्लक आहेत, हे मोजायला लावले. दोन सापडली.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत पाणी शिरले आहे. गटातील दोघांच्या घरी वीज नाही. उरलेल्यांनी घरून काम केले.

विमा कंपन्यांकडून येणाऱ्या रकमा बँकेच्या विवरणपत्राशी जुळवताना आज जी चूक आढळली ती माझ्या माहितीतली होती. एनईएफटीचा व्यवहार-क्रमांक १६ अक्षरांचा असतो आणि आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. आमचा रकाना १६ चा होता. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे चालते आणि मी तयार केलेला प्रत्येक दावा २ लाखांच्या आत होता, म्हणून हे इतके दिवस वर आले नाही. परिणाम मोठा आहे. आरटीजीएसच्या क्रमांकात आधी बँकेचा संकेत, मग तारीख आणि शेवटी अनुक्रम असतो. सोळाव्या अक्षरावर तोडला तर अनुक्रमाचे पहिले दोनच अंक उरतात. एकाच बँकेतून एका दिवशी आलेल्या दोन रकमा त्यामुळे एकसारख्या दिसतात आणि दुसरी 'आधीच जमा' म्हणून नाकारली जाते. हे दोन क्रमांक बँकांच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या मला तरी ठाऊक असायला हवे होते.

३१ जुलै, बुधवार

रात्री अकराला जुनी प्रणाली बंद केली, साडेतीनला नवी सुरू झाली. त्या वेळी दाखल असलेल्या १६८ रुग्णांची बिले हाताने तपासली. चार चुकली, सकाळपर्यंत सुधारली.

१२ ऑगस्ट, सोमवार

लेखा विभागाची तक्रार होती की जमा झालेल्या रकमा मंजुरीपेक्षा कमी आहेत. १,६७,००० मंजूर असेल तर बँकेत १,५०,३०० येतात, कारण टीपीएने रुग्णालयाला पैसे देताना १९४जे कलमाखाली १० टक्के कर कापायचा असतो. आयकर खात्याने २००९ मध्येच तसे स्पष्ट केले आहे. प्रणाली तो फरक रुग्णाकडील येणे म्हणून दाखवत होती. अजून कोणाला मागणीचे पत्र गेलेले नव्हते. ती छपाई आज दुपारी थांबवली आणि करकपातीसाठी वेगळे शीर्ष उघडले.

महाग खोलीचा पहिला खरा दावाही आज पूर्ण झाला. तक्त्याने दाखवलेला रुग्णाचा वाटा आणि मंजुरीपत्रातला वाटा यांत १८० रुपयांचा फरक आहे : हातमोज्यांच्या एका खोक्याला आम्ही वापरून टाकायची वस्तू म्हटले, विमा कंपनीने तो शस्त्रक्रियागृहाच्या खर्चात धरला. हे शीर्ष त्या एकोणीसांपैकीच एक आहे. टीपीए डेस्कने लेखी विचारणा केली आहे. उत्तर येईपर्यंत हा बग उघडा ठेवला आहे.